बंडाला अस्तर

पोलंडमधल्या वूच शहरात, बंद पडलेल्या सूतगिरणीच्या मागे
माझं दुकान आहे. चेन बदलणे, बाही आखूड करणे, रफू.
पाटीवर एवढंच.
गिरणीत आता कॉफी मिळते, चौदा प्रकारची,
आणि जिथे आमचे माग होते तिथे
कुणीतरी भिंतीचा गिलावा मुद्दाम खरवडून ठेवलाय,
जुनी दिसावी म्हणून. भिंत जुनीच होती.

आज क्सावेरी आला.
नवं कोरं जाकीट, किमतीची चिठ्ठी अजून काखेत लोंबकळतेय.
"फाडून द्या," म्हणाला.
कुठे?
फोनवर फोटो दाखवला. इथे, इथे, आणि कोपराला तिरकं.
"पण सहज फाटल्यासारखं हवं."

सहज फाटायला, पोरा, नऊ वर्षं लागतात.
कोपर टेकायला एक टेबल लागतं, एकच,
आणि त्या टेबलाशी बसून करायचं काहीतरी.
हे बोलले नाही. तोंडात टाचण्या होत्या.

या महिन्यातला हा सहावा.
सहाही जगावेगळे.
सहाही जणांच्या डाव्या कानात तीच सेफ्टीपिन,
माझ्याकडे डझनावर मिळते ती.
सहाही जण म्हणाले, "असं इथे दुसऱ्या कुणाकडे नाही."
मी वहीत लिहिते: भोकं तीन, कोपर तिरकं.
मागचं पान उलटते: भोकं तीन, कोपर तिरकं.
कुणाला सांगत नाही. धंदा आहे.

पण चिडते. खरंच चिडते.
रात्री बटाटे सोलताना सुरी जरा खोल जाते.
एकाला पाठीवर भरतकाम हवं होतं, "आज्ञा पाळणार नाही,"
आणि अक्षरं सरळ रेषेत यावीत म्हणून
तीनदा उसवायला लावलं त्यानं.

तेओदोझ्या, माझी थोरली बहीण,
तपकिरी कोट घालायची. आम्ही सगळ्याच घालायचो,
गिरणीच्या दुकानात त्या वर्षी तोच एक रंग आला होता.
भांग मधोमध. बुटांना दुसरा तळ.
चारचौघींत उभी केली असती तर शोधावी लागली असती.
सभेत साहेबानं ठराव वाचला:
होनोराताला कामावरून काढावं, ती बायकांना भडकवते.
हात वर करा.
तीनशे बारा हात.
मागच्या रांगेत एका तपकिरी बाहीतला
मांडीवरच राहिला.
उभी राहिली नाही ती, बोलली नाही,
मूठही आवळली नाही. पर्स सांभाळत बसली.
मग तिला रंगखात्यात धाडलं. नखं कायमची निळी.
म्हातारपणी विचारलं, तेव्हा म्हणाली,
"काय सांगू तुला, त्या दिवशी खांदा दुखत होता."

तीनशे बारांत माझा एक होता.
त्या दिवशी हात वर केला,
आणि पुढे जन्मभर हात वर केले.

म्हणून की काय, क्सावेरीवर ओरडता आलं नाही.
कात्री चालवली. ब्लेडनं दोरे विसविशीत केले,
वजरीनं घासलं.
घालून पाहिलं त्यानं. आरशापुढे खांदे पाडून उभा राहिला, बेफिकीर.
बेफिकिरी नीट बसतेय ना, ते वळून मागूनही पाहिलं.
दारापर्यंत गेला आणि परत आला.
बाहेर उणे अकरा.
दोन्ही कान लाल, सेफ्टीपिनवाला जरा जास्तच.
"बाई," हळूच म्हणाला,
"भोकांना आतून अस्तर लावता येईल? दिसणार नाही असं?"

बंडाला अस्तर.
पैसे वेगळे पडतील, म्हटलं.

तो गेल्यावर डबा उघडला. तळाशी तपकिरी लोकरीचा तुकडा आहे,
बरोबर कोपराच्या मापाचा.
बराच वेळ हातात धरून बसले.
मग परत ठेवला, आणि ठाणातून
काळं कापड फाडलं, साधं, उबदार.
त्याला तेच पुरे.

सोमवारी ये, म्हटलं होतं.
सोमवारी कॉलेज असतं म्हणाला,
एकही तास बुडवता येत नाही,
चारनंतर चालेल का?